‘शिलकीतूनच कापून घ्या’ म्हणून बघा

गेल्या दीड महिन्यात क्रिप्टोबद्दल आलेली पत्रं वेगळी काढली, तर टेबलावर जाडजूड गठ्ठा झाला. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, म्हणून चार प्रश्न निवडले आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे. तो घाईचा आहे, आणि त्यासारखी आणखी पत्रं त्या गठ्ठ्यात आहेत.

प्रश्न : मी विट्याजवळच्या गावातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. सहा महिन्यांपूर्वी मला कोणीतरी एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलं. तिथल्या एक मॅडम रोज सकाळी विचारपूस करायच्या आणि कोणतं कॉइन घ्यायचं ते सांगायच्या. त्यांच्या लिंकवरून एक्सचेंजचं (कॉइनची खरेदी-विक्री होते त्या बाजाराचं) अ‍ॅप घेतलं. सुरुवातीला २० हजार भरले. त्यातले ५ हजार काढून पाहिले, तर ते लगेच बँकेत आले. मग टप्प्याटप्प्याने एकूण ४ लाख ५० हजार भरले. आज अ‍ॅपमध्ये २३ लाख ८० हजार दिसतात. आता पैसे काढायला गेलो तर म्हणतात, नफा १९ लाख ३० हजार, त्यावर भारत सरकारचा ३० टक्के कर ५ लाख ७९ हजार आधी भरा, मग रक्कम सुटेल. पाच दिवसांत न भरल्यास आयकर खात्याची कारवाई होईल, असं पत्रही त्यांनी पाठवलंय. ३० टक्के कर आहे, हे मी पेपरात वाचलंय. पत्नीचे दागिने गहाण ठेवून भरावेत का?

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला आणि जे सांगितलं, तेच तुमच्या संमतीने इथे लिहिते. एक रुपयासुद्धा भरू नका. दागिने कपाटातच राहू द्या.

३० टक्के कर खरा आहे, आणि नेमका त्याचाच हे लोक फायदा घेतात. २०२२ च्या वित्त कायद्याने क्रिप्टोला ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असं नाव दिलं आणि १ एप्रिल २०२२ पासून तिच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला, वर ४ टक्के उपकर. पेपर वाचणाऱ्या माणसाला हे माहीत असतं, त्यामुळे मागणी खरी वाटते. पण हा कर भरतो कोण आणि कुठे? तो तुम्ही स्वतः भरायचा असतो. आयकर विभागाच्या पोर्टलवर, स्वतःच्या पॅनवर चलन काढून, आणि पैसे थेट सरकारी तिजोरीत. एक्सचेंजच्या खात्यात हा कर कधीच जात नाही. मग एखाद्या ‘ट्रेडिंग कंपनी’च्या किंवा परराज्यातल्या किराणा दुकानाच्या खात्यात जायचा प्रश्नच नाही. तुम्ही भरलेली रक्कम सहा वेगवेगळ्या नावांच्या खात्यांत गेली, हे तुम्हीच मला वाचून दाखवलंत. खऱ्या एक्सचेंजला सहा अनोळखी खाती कशाला लागतील?

एक्सचेंजचं काम फक्त टीडीएसचं. १ जुलै २०२२ पासून क्रिप्टो विकताना विक्रीच्या रकमेतून १ टक्का कापला जातो. कापला जातो, मागितला जात नाही. तुम्हाला पेन्शन मिळते. मुदत ठेवीच्या व्याजावर बँक टीडीएस कापते तेव्हा उरलेली रक्कम तुमच्या खात्यात जमा करते. ‘आधी काउंटरवर कराचे रोख पैसे आणून द्या, मग व्याज देतो’ असं बँकेने तुम्हाला आजवर कधी म्हटलंय का?

म्हणून तुम्हाला एकच वाक्य पाठवायला सांगितलं : ‘माझ्या शिलकीतूनच कर कापून घ्या आणि उरलेले १८ लाख १ हजार द्या.’ दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, की नियमाप्रमाणे शिल्लक गोठवलेली आहे, कर बाहेरूनच भरावा लागेल. त्यांच्याकडे २३ लाख असते, तर त्यातून ५ लाख ७९ हजार कापायला कसली अडचण होती? ते आकडे फक्त पडद्यावर आहेत. तुमच्या नावाने तिथे कधी कुठलं कॉइन खरेदीच झालं नाही. सुरुवातीला परत आलेले ५ हजार तुमचेच होते, २० हजारांतले.

हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत मी ते जवळून पाहिलंय. मी सांगलीत पंचवीस वर्षं कर सल्लागार म्हणून बसते. मामा दर जुलैला माझ्याच टेबलासमोर बसून रिटर्न भरून घेतात. तरीही त्यांनी ६ लाख ४० हजार एका अशाच अ‍ॅपमध्ये घातले आणि मला शब्दाने सांगितलं नाही. ‘कर’ म्हणून १ लाख १० हजार भरले. मग ‘वॉलेट उघडण्याचं शुल्क’ आलं (वॉलेट म्हणजे कॉइन ठेवायचं डिजिटल पाकीट), तेही भरलं. तिसरी मागणी आली तेव्हा माझ्याकडे आले, तेही फसलो म्हणून नव्हे, तर ‘ही कराची पावती यंदाच्या रिटर्नमध्ये धर’ म्हणून. पावतीवर तीन सिंहांची मुद्रा छापलेली होती. पण खऱ्या चलनावर बँक शाखेचा बीएसआर कोड, चलन क्रमांक आणि तारीख असते, त्यातलं तिथे काहीच नव्हतं. टीडीएस कापणाऱ्याचा टॅन म्हणून नऊ आकडे लिहिले होते. टॅन दहा जागांचा असतो. आधी चार इंग्रजी अक्षरं, मग पाच अंक आणि शेवटी एक अक्षर. मी हे दाखवलं, तेव्हा मामा बराच वेळ पावतीकडे बघत राहिले. मामीला काय सांगू, एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी रिटर्नच्या कागदांबरोबर विचारते, मोबाइलवर कुठलं नवं अ‍ॅप घेतलंय का?

आता त्या ‘आयकर खात्याच्या’ पत्राविषयी. ऑक्टोबर २०१९ पासून आयकर विभागाच्या पत्रांवर संगणकीय दस्तऐवज क्रमांक असतो, त्याला डीआयएन म्हणतात. विभागाच्या पोर्टलवर नोटिशीची सत्यता तपासण्याची सोय आहे, आणि त्यासाठी लॉगिनही लागत नाही. तुमच्या पत्रावर असा क्रमांकच नाही. ते पत्र खोटं आहे. तुम्ही कोणाचाही कर बुडवलेला नाही.

पुढचं काम त्याच रात्री सुरू केलंत, हे फार चांगलं झालं. वाचकांसाठी पुन्हा सांगते. १९३० या क्रमांकावर फोन करायचा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिसऱ्यात फिरत असतात. वाटेत जिथे सापडतील तिथे बँक ते रोखू शकते, म्हणून प्रत्येक तास मोलाचा असतो. आपल्या बँकेतही लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. रागाच्या भरात अ‍ॅप काढून टाकू नका, ग्रुपही सोडू नका. आधी सगळ्या संभाषणाचे, खाते क्रमांकांचे, यूटीआर क्रमांकांचे (बँकेतून पैसे पाठवल्यावर त्या व्यवहाराला मिळतो तो क्रमांक) आणि वॉलेटच्या पत्त्यांचे स्क्रीनशॉट काढा. ‘मला कळलंय तुम्ही चोर आहात’ असं त्यांना सुनावूही नका, तुम्हाला ग्रुपमधून काढतील आणि पुरावा हातचा जाईल.

गुरुजी, आता थोड्याच दिवसांत तुम्हाला दुसरा फोन येईल. ‘तुमचे बुडालेले पैसे आम्ही परत मिळवून देतो, फक्त फाइलचे १५ हजार.’ फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. वकील, सायबर तज्ज्ञ, अगदी पोलिस म्हणूनही कोणी बोलेल. त्यालाही काही देऊ नका. आणि घरात सांगा. काकूंना माहीत नाही, असं फोनवर म्हणालात. ज्या घरात हे उघडपणे बोललं गेलं, तिथे पुढचा हप्ता थांबला, असाच माझा अनुभव आहे.

‘महिन्याला इतके टक्के नक्की’ हे आमिष आपल्याकडे नवं नाही. ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणात बिटकॉइनवर महिन्याला १० टक्के, तेही १८ महिने, असं आश्वासन होतं. पुढे लोकांच्या हातात त्यांचंच एक कवडीमोल कॉइन ठेवलं गेलं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्यात अटक केली, नंतर तपास सीबीआयकडे गेला. तेव्हा सभागृहं भरवून हे विकलं जायचं, आता मोबाइलवर विकलं जातं.

प्रश्न : हिंजवडीत नोकरी करतो. नोंदणीकृत भारतीय एक्सचेंजवर बिटकॉइन १ लाख ८५ हजाराला घेऊन ३ लाख १५ हजाराला विकलं. इथर मात्र १ लाख ४० हजाराला घेऊन ९५ हजाराला विकावं लागलं. निव्वळ नफा ८५ हजार, त्यावर ३० टक्के बरोबर ना? आणि दोन वर्षांपूर्वी थोडा नफा झाला होता, तो रिटर्नमध्ये दाखवला नव्हता.

उत्तर : नाही, बरोबर नाही. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पगारातूनही होत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. तुमचा करपात्र नफा १ लाख ३० हजार. त्यावर ३९,००० कर, उपकर १,५६०, एकूण ४०,५६०. दोन्ही विक्रींवर १ टक्क्याने कापलेला टीडीएस ३,१५० आणि ९५०, मिळून ४,१००. तुमच्या पॅनवर कापलेल्या कराची नोंद फॉर्म २६एएसमध्ये असते, तिथे तो दिसतो का पाहा आणि वजा करा. उरले ३६,४६०.

म्हणजे खिशात पडलेल्या ८५ हजारांपैकी जवळपास निम्मे गेले. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. शेअरच्या तोट्याला एक न्याय आणि इथे दुसरा, याचं पटेल असं कारण मला आजवर कोणी दिलेलं नाही. पण नियम आहे तोवर हिशेब त्याच्याचप्रमाणे करायचा. खरेदीची किंमत सोडली तर काहीच वजा मिळत नाही, एक्सचेंजचं शुल्कसुद्धा नाही. एक कॉइन देऊन दुसरं घेतलं, तरी ती विक्रीच धरली जाते. तरुण मुलं हे हमखास विसरतात.

आयटीआर-१ हा साधा रिटर्न फॉर्म चालणार नाही. आयटीआर-२ मध्ये व्हीडीएचं, म्हणजे आभासी डिजिटल मालमत्तेचं, स्वतंत्र परिशिष्ट आहे, त्यात प्रत्येक व्यवहाराची खरेदीची तारीख, विक्रीची तारीख आणि दोन्ही रकमा भरायच्या. एक्सचेंजवरून वर्षाचा अहवाल आजच उतरवून ठेवा. वर्षाचा उरलेला कर १० हजारांवर जात असेल तर आगाऊ कराचे हप्तेही सांभाळा, नाहीतर व्याज लागतं. राहिलेल्या वर्षासाठी अद्ययावत रिटर्न, म्हणजे मागच्या वर्षाचं सुधारून उशिरा भरायचं रिटर्न, भरा. करनिर्धारण वर्ष (कमाईच्या वर्षानंतरचं आर्थिक वर्ष) संपल्यापासून चार वर्षांपर्यंत ती सोय आहे. पहिल्या १२ महिन्यांत कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, दुसऱ्या १२ महिन्यांत ५० टक्के, आणि पुढे आणखी वाढत जातं. म्हणून थांबू नका. एक्सचेंजने कापलेला टीडीएस तुमच्या पॅनवर दिसत असतो, विभागाला वेगळं शोधायची गरजच नाही.

तुम्ही ‘नोंदणीकृत’ लिहिलंत, त्याबद्दलही थोडं. मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्सचेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली आणि त्यांना एफआययू-इंडिया या केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी नसेल तर तिथे जाऊच नका. पण नोंदणी म्हणजे ठेवीचा विमा नव्हे. वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजवर १८ जुलै २०२४ ला सायबर दरोडा पडला, सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो गेली, आणि ग्राहकांना आपली कॉइन्स काढता येईनात. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेलं आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला वर्षाहून जास्त काळ लागला. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत विमा मिळतो. इथे तसलं काही नाही.

प्रश्न : माझं कुडाळला दुकान आहे. पत्नीला काही उत्पन्न नाही. तिच्या नावावर क्रिप्टो घेतली तर कर लागणार नाही ना?

उत्तर : लागेल. क्रिप्टोच्या नफ्याला मूळ करमुक्त मर्यादेचा फायदा मिळत नाही. दुसरं उत्पन्न शून्य असलं तरी ३० टक्के भरावेच लागतात. शिवाय पैसे तुम्ही दिलेले असतील, तर तो नफा तुमच्याच उत्पन्नात मिळवला जातो. वहिनींच्या पॅनवर उगीच गुंता करू नका.

प्रश्न : मी लातूरला शिकतो. एका अनोळखी माणसाला पी-टू-पीवर, म्हणजे थेट माणसाकडून माणसाला, ४० हजारांचे यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन) विकले. पैसे आले, पण आठ दिवसांनी बँकेने खातं गोठवलं. दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचं पत्र आहे म्हणतात. मी काहीच केलेलं नाही.

उत्तर : बाळा, घाबरू नकोस, पण लपूही नकोस. तुला मिळालेले ४० हजार बहुधा कुणातरी फसलेल्या माणसाचे आहेत. वरच्या गुरुजींसारख्या कुणाचे तरी. शाखेत जाऊन तक्रारीचा क्रमांक, पोलिस ठाण्याचं नाव आणि तपास अधिकाऱ्यांचा संपर्क लेखी माग. त्यांना ऑर्डरचा तपशील, संभाषण, यूटीआर क्रमांक, यूएसडीटी पाठवल्याची नोंद आणि तुझी ओळखपत्रं ईमेलने पाठव, आणि त्याची प्रत बँकेलाही दे. संपूर्ण खात्याऐवजी फक्त वादातले ४० हजार रोखून धरावेत, अशी स्पष्ट विनंती त्याच ईमेलमध्ये कर. घरून येणारे मेसचे पैसे तोवर दुसऱ्या खात्यावर मागव. ‘पाच हजार द्या, खातं उघडून देतो’ म्हणणारे एजंट भेटतील, त्यांना टाळ. आणि ऑर्डरवर ज्याचं नाव होतं, त्याच्याच खात्यातून पैसे आले होते का, ते आज रात्रीच तपासून मला कळव. नाव वेगळं असेल तर ईमेलचा मजकूर बदलावा लागेल, तो मी लिहून देईन.