अमेरिकन पासपोर्ट असला तरी जर्मनीत गाडीचं लायसन्स नव्यानं काढायची तयारी ठेवा

प्रश्न: आम्ही मराठी, पण आता अमेरिकन नागरिक आहोत. कॅलिफोर्नियातून जर्मनीत कायमचे राहायला जातोय. रोजच्या जगण्यात काय जड जातं? अमेरिकन पासपोर्टचा काही फायदा होतो का?

उत्तर:

फायदा होतो, पण आत येण्यापुरता. अमेरिकन नागरिकाला आधी व्हिसा न काढता इथे येता येतं आणि 90 दिवसांच्या आत इथेच रेसिडेन्स परमिटचा अर्ज करता येतो. भारतीय पासपोर्टवाल्यांना ही सोय नाही. त्यापुढे मात्र तुम्ही बाकी सगळ्यांसारखेच. घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे सरकारी कचेरीत पत्त्याची नोंदणी, करायचं, त्यासाठी घरमालकाकडून सहीचा कागद घ्यायचा, मग टॅक्स नंबर पोस्टानं घरी येतो. घर बघताना किचन आहे का हे आवर्जून विचारा, कारण इथे कित्येक भाड्याच्या घरांत ओटा, सिंक, कपाटं यातलं काहीही नसतं आणि छताला दिव्यांच्या जागी नुसत्या वायरी असतात. अमेरिकेत घेतलेला 110 व्होल्टचा मिक्सर आणू नका. इथे 230 व्होल्ट आहे, त्यामुळे माहेरून आणलेला मिक्सर पिन बदलली की चालतो. रविवारी दुकानं बंद, बाटल्या परत केल्या की डिपॉझिटचे पैसे परत, रात्री दहानंतर आवाज नाही. हे सगळं काही दिवसांत अंगवळणी पडतं आणि त्यावर लिहिलेलं भरपूर सापडेल.

मला जड गेलं ते गाडीचं लायसन्स. तुम्ही कॅलिफोर्निया लिहिलंत म्हणून तर हे उत्तर लिहायला बसले.

आम्ही कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉंटहून श्टुटगार्टला आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. अमेरिकन लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून सहा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर चालवलीत तर ते साध्या दंडावर भागत नाही, विनापरवाना गाडी चालवण्याचा गुन्हा होतो. आता ते लायसन्स देऊन जर्मन लायसन्स मिळेल का, हे तुमच्या राज्यावर अवलंबून आहे. अमेरिकेत लायसन्स राज्य सरकार देतं, त्यामुळे जर्मनीची मान्यताही एकेका राज्याला वेगळी. इलिनॉय किंवा टेक्ससचं असेल तर कागद द्या आणि नवीन कार्ड घ्या, परीक्षा नाही. फ्लोरिडा किंवा ऑरेगनचं असेल तर फक्त लेखी. जर्मनीनं मान्य केलेल्या राज्यांच्या आणि देशांच्या यादीत कॅलिफोर्निया नाहीच, म्हणजे लेखीही द्यायची आणि गाडी चालवून दाखवायची परीक्षाही. जुनं पुण्याचं किंवा सांगलीचं लायसन्स जपून ठेवलं असेल तर त्याचाही उपयोग नाही, भारतही त्या यादीत नाही.

माझे धाकटे दीर इलिनॉयचे, नेपरव्हिलला राहणारे. कंपनीनं त्यांना आमच्या आधीच म्युनिकला पाठवलं होतं आणि त्यांचं लायसन्स काउंटरवर बदलून मिळालं होतं. दिवाळीला आमच्याकडे जेवायला आले तेव्हा माझ्या अर्जाचा विषय निघाला. भरल्या पानावर म्हणाले, "वहिनी, इतकी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाची परीक्षा घेणं हा अपमान आहे. मी असतो तर दिलीच नसती." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा नवरा म्हणाला, "स्टेशन पाच मिनिटांवर आहे. तुला गाडी लागतेच कुठे?"

हे मला लागलं, आणि का लागलं ते सांगते. माझे वडील एसटीत चालक होते, सांगली विभागात. अमेरिकेत गेले तेव्हा मी एच-फोर व्हिसावर होते, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही, पगार नाही, बँकेचं खातंही नवऱ्याबरोबरचं. बे एरियात गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही. लायसन्स ही त्या देशात मला स्वतःच्या कष्टानं मिळालेली पहिली गोष्ट. मुलांच्या शाळा, सासूबाईंचे डॉक्टर, पुढे माझी नोकरी, सगळं त्याच्या जोरावर झालं. ते हातातून जाणार आणि घरातले म्हणणार की ट्रॅम आहे ना!

शिवाय अपमान कसला? वडिलांचे डोळे नोकरीत असताना पुन्हा पुन्हा तपासले जायचे. आदल्या दिवशी ते लवकर झोपायचे आणि सकाळी इस्त्रीचा खाकी ड्रेस घालून जायचे. मागे पन्नास माणसं बसवून घाट उतरणाऱ्याला तपासून घेतलंच पाहिजे असं ते म्हणायचे. त्यामुळे परीक्षेला कमीपणा मानायचा नाही हे मी लहानपणापासून पाहिलेलं.

मी ड्रायव्हिंग स्कूल शोधायला लागले. एकानं फोनवरच सांगितलं की ज्यांना जर्मन नीट येत नाही त्यांना आम्ही घेत नाही. मग फायहिंगेन भागात एक इन्स्ट्रक्टर मिळाले, तुर्की घरातले, जन्म श्टुटगार्टचाच. ते म्हणाले, लेखी इंग्रजीत देता येईल, पण रस्त्यावरच्या परीक्षेत परीक्षक जर्मनच बोलणार, तेव्हा आपण गाडीत पहिल्यापासून जर्मनच बोलू. लायसन्स आधीचं असल्यामुळे नवशिक्यांना सक्तीचे असतात ते तास मला सक्तीचे नव्हते. इथे नव्यानं शिकणाऱ्याला अडीच-तीन हजार युरो सहज लागतात, तेवढा खर्च मला आला नाही. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा दिवसभराचा वर्ग मात्र करावाच लागला. त्या वर्गात शुद्ध हरपलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं आणि छाती कशी दाबायची हे शिकवतात. माझ्या मते हा वर्ग जगातल्या प्रत्येक लायसन्सला जोडावा.

लेखी परीक्षेत 30 प्रश्न असतात. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाला दोन ते पाच दोषांक, दहाच्या वर गेलात की नापास. एका प्रश्नाची दोन-तीन उत्तरं बरोबर असू शकतात आणि सगळी टिपली नाहीत तर तो प्रश्न गेला. हजाराहून जास्त प्रश्नांच्या संचातून हे येतात. मी रोज रात्री भांडी आवरून त्यांचा अभ्यास करत होते.

सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. चौकात पाटी नाही, सिग्नल नाही, तर उजवीकडच्या गाडीचा हक्क, मग ती गल्ली कितीही बोळकांडीसारखी असो. कॅलिफोर्नियात चारी बाजूंना स्टॉपची पाटी असते आणि जो आधी थांबला तो आधी निघतो. तिथे लाल दिव्याला थांबून उजवीकडे वळता येतं, इथे शेजारी हिरव्या बाणाची खास पाटी असेल तरच. शहरात सायकलवाल्याला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं. ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, उजव्या बाजूनं पुढे जायचं नाही. वाहतूक तुंबली की गाड्या दोन्ही कडांना सरकवून मधून ॲम्ब्युलन्सला वाट करायची, तीसुद्धा सायरन ऐकू यायच्या आधी. आणि वळण्याआधी आरसा पाहिलात तरी मान मागे वळवून खांद्यावरून पाहायचंच. ते दिसलं नाही तर परीक्षक तिथेच नापास करू शकतो.

माझा अभ्यास चालू असताना दीर एकदा म्युनिकहून गाडी घेऊन आले. आम्ही श्टुटगार्ट-वेस्टमधून जात होतो. तिथे अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या, तीसची मर्यादा आणि जवळजवळ प्रत्येक चौक बिनपाटीचा. एका चौकात उजवीकडून गाडी आली आणि हे सरळ गेले. त्या बाईंनी करकचून ब्रेक मारला. दिरांनी वर हॉर्न वाजवला. मी म्हटलं, "भावजी, तिचा हक्क होता." ते म्हणाले, "वहिनी, लायसन्स माझ्याकडे आहे."

मागच्या सीटवर माझी मुलगी होती. मी त्या वेळी पुढे बोलले नाही, ते आता बोलते. लायसन्स त्यांच्याकडे होतं, कारण इलिनॉय यादीत आहे. इथला रस्ता त्यांना येतो की नाही हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं. देश तोच, रस्ता तोच, आणि एकाला कागद हातात मिळतो तर दुसरीला परीक्षा. यात कमनशिबी मी नव्हते, ते होते. मला कुणीतरी शेजारी बसून शिकवलं.

परीक्षा मी गिअरच्या गाडीवर दिली. ऑटोमॅटिकवर दिली की साधारणपणे लायसन्सवर तसा कोड पडतो आणि गिअरची गाडी चालवता येत नाही. 2021 पासून गिअरच्या गाडीचे दहा तास वेगळे करून ही अट टाळता येते, पण श्टुटगार्ट हे खोलगट वाडग्यासारखं शहर आहे. कुठेही जायचं तर चढ, आणि चढावर गाडी उचलता आलीच पाहिजे असं मला वाटत होतं. परीक्षक मागे बसतात, इन्स्ट्रक्टर शेजारी. सगळं मिळून 55 मिनिटं. पार्किंग, ऑटोबान, गावाबाहेरचा रस्ता, सगळं झालं. परत येताना एका चढावर पुढे एक सायकलवाले आजोबा लागले. समोरून गाड्या येत होत्या, दीड मीटर सोडायला जागा नव्हती. मी पूर्ण चढ त्यांच्या मागे, त्यांच्या वेगानं काढला. मागे रांग लागली, कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं, इन्स्ट्रक्टर समोर बघत गप्प. मी ओलांडायची घाई केली नाही. शेवटी परीक्षकांनी पास म्हणून सांगितलं आणि त्या चढाचा स्वतःहून उल्लेख केला, की ते बरोबर केलंत. वडिलांना फोन केला तर त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, चढावर गाडी उचलताना हँडब्रेक लावला होता का. लावला होता.

दिरांचं म्हणणं अजूनही असं की ऑटोबानला वेगमर्यादा नाही आणि हे जर्मन आम्हाला शिकवतात. त्यांना मी आकडे सांगितले, तुम्हालाही सांगते. 2023 मध्ये जर्मनीत रस्त्यावरच्या अपघातांत सुमारे 2,800 माणसं गेली, अमेरिकेत सुमारे 41,000. लोकसंख्या इथली साधारण 8.4 कोटी, तिथली साडेतेहतीस कोटी. माणसामागे हिशेब केला तर अमेरिकेत साडेतीन पटींहून जास्त. अमेरिकेत गाड्या जास्त अंतर चालतात, तेव्हा सगळा फरक परीक्षेमुळे आहे असं मी म्हणणार नाही. पण अमेरिकेत अनुभव आहे म्हणून शिकायचं काही उरलं नाही, हे त्या आकड्यांकडे बघून कुणी म्हणू नये. आणि बायकांना गाडी कशाला, हा जो सूर होता त्याला उत्तर याच भागात आहे. 1888 मध्ये मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझची बायको बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मोटारीनं मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली, वाटेत वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं. मोटारीनं केलेला पहिला लांबचा प्रवास तो. फोर्त्सहाइम आमच्यापासून गाडीनं तासाभराच्या आत आहे. लायसन्स मिळाल्यावर मी मुलीला घेऊन पहिली तिथेच गेले.

तुमच्या मूळ प्रश्नातलं राहिलेलं. अमेरिकन पासपोर्टचा एक तोटा आहे आणि तो कायमचा आहे: जगात कुठेही राहा, अमेरिकेचं टॅक्स रिटर्न दरवर्षी भरावं लागतं. परदेशातल्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली तर त्याची वेगळी माहिती द्यायची. 2010 च्या फॅटका कायद्यामुळे, म्हणजे अमेरिकन नागरिकांच्या खात्यांची माहिती परदेशी बँकांनी अमेरिकेला द्यायची या कायद्यामुळे, काही युरोपी बँका अमेरिकन नागरिकाचं खातं उघडायला तयार नसतात, तेव्हा एकीनं नाही म्हटलं तर दुसरीकडे जा. इथे म्युच्युअल फंड घेण्याआधी दोन्ही देशांचं टॅक्स कळणाऱ्या माणसाला विचारा. चांगली बाजू म्हणजे सोशल सिक्युरिटीचा दोन्ही देशांत 1979 पासून करार आहे, तिथे भरलेली वर्षं पेन्शनची पात्रता ठरवताना धरली जातात. जून 2024 पासून जर्मन नागरिकत्व घेताना अमेरिकन सोडावं लागत नाही. मुलांचं मला फारसं अवघड गेलं नाही, माझी मुलगी एकटी ट्रॅमनं शाळेत जाते. तुमची मुलं मोठी असतील तर भाषेमुळे शाळा जड जाऊ शकते, ते आधी बघा.

लायसन्सच्या राज्यांची यादी बदलू शकते, म्हणून निघण्याआधी तुमच्या राज्याचं पुन्हा तपासा. कॅलिफोर्नियाचं लायसन्स मुदतीत असू द्या, इथलं कार्ड देताना ते जमा करून घेतात. तिथल्या विमा कंपनीकडून अपघात नसल्याचं पत्र आणा, इथल्या काही कंपन्या ते धरतात आणि हप्ता कमी होतो. आनमेल्डुंग झालं की त्याच आठवड्यात अर्ज टाका. कागद पुढे सरकायला आणि परीक्षेची तारीख मिळायला वेळ लागतो आणि ते सहा महिने कुणासाठी थांबत नाहीत. अर्ज दोघांचेही एकाच दिवशी टाका. आधी नवऱ्याचं होऊ दे, तुझं नंतर बघू, असं घरात कुणीही म्हणालं तरी ऐकू नका.