घाटात हायब्रिडचं मायलेज का पडतं?

प्रश्न: आमची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर चालणारी गाडी) पुण्यात २२-२३ देते, पण मे महिन्यात महाबळेश्वरला जाताना पसरणी घाटात आकडा धाडकन १४ वर! काही बिघाड आहे का हो?

उत्तर: बिघाड बिघाड काही नाही. या गाड्यांची बॅटरी असते एवढीशी, साधारण एक युनिटची, ती घाट चढताना लगेच उतरते आणि मग सगळा लोड पेट्रोलवर, त्यात एसीचा कॉम्प्रेसरही बॅटरीवरच चालतो. घाट उतरताना ती परत भरते खरी, पण फुल झाली की पुढचा उतार वाया, तेव्हा बी मोड (गिअरवरचं 'B', त्यात इंजिनच गाडी रोखून धरतं) टाका म्हणजे ब्रेक तापत नाहीत. मागच्या सीटजवळ बॅटरी थंड ठेवणारी हवेची जाळी असेल तर तिच्यावर बॅगा रचू नका, लोक हमखास तेच करतात. आणि मायलेज जाऊन-येऊन मिळून काढा, नुसतं चढतानाचं बघून कशाला जीव जाळायचा!