लाल झेंडा आणि रविवारची उपासना

जय ख्रिस्त. लाल झेंड्याच्या मोर्चाला गेलास म्हणून मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, नाराज, आणि उपासना चुकवत नाहीस म्हणून कॉम्रेड टोमणे मारतात, हे तुझ्या पत्रात वाचलं. घाबरू नकोस. बीडमध्ये मी वीस वर्षं दोन्हीकडे आहे.

आधी बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं ५:४ सावकाश वाच. शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं. मला ते उमगलं उसाच्या फडात. हंगाम संपत आला होता. कोयता बाजूला ठेवून एक मावशी बोटांवर उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, मोजत होत्या. एवढा ऊस तोडूनही मुकादमाची बाकी फिटली नव्हती.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- वाद जिंकायला जाणं. कुणी धर्माला अफू म्हणालं तर चिडू नकोस. मार्क्सने १८४४ साली त्याच परिच्छेदात धर्माला पिचलेल्या जीवाचा उसासाही म्हटलंय.
- पाळकसाहेबांना सगळ्यांसमोर कोंडीत पकडणं. घरी जा, चहा घे, ऊसतोड मजुरांसाठी प्रार्थना करा म्हणून सांग. आमच्याकडे तीन महिने लागले, पण झाली.
- बैठकांच्या धावपळीत स्वतःची प्रार्थना सोडणं. ही सगळ्यात वाईट.

एक प्रश्न आपल्या घरचाच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. यावर मंडळी आणि कॉम्रेड एका सतरंजीवर बसतात, मी पाहिलंय. तिथूनच सुरुवात कर. मुक्तीच्या ईश्वरविज्ञानाची, म्हणजे गरिबांच्या बाजूने बायबल वाचणाऱ्या विचाराची, जाड पुस्तकं पुढच्या वर्षी.