येऊरमधील पावसाळी ध्वनिमुद्रण: यादीच्या आधी प्रश्न ठरवावा

नमस्कार. आपण ठाण्यात पोखरण रस्ता क्रमांक दोनच्या परिसरात राहता आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येऊरच्या बाजूला ऑडिओमॉथ हे दोन छोटे स्वयंचलित रेकॉर्डर लावून, आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या बर्डनेट या संगणक प्रणालीच्या मदतीने, पावसाळ्यातील पक्ष्यांची संपूर्ण यादी आणि प्रत्येक जातीची संख्या काढू इच्छिता. बर्डनेटने एखाद्या ओळखीला ०.७५ गुण दिले, तर ती पंचाहत्तर टक्के खरी मानावी का, असेही आपण विचारले आहे. गेले काही पावसाळे मी याच डोंगराच्या कडेने हे काम करत आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गुणांचा प्रश्न आधी घेतो, कारण बहुतेकांची वाट तिथेच चुकते. बर्डनेट ध्वनिमुद्रणाचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करते, प्रत्येक तुकड्याचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचे चित्र, तयार करते आणि ते चित्र शिकलेल्या जातींशी ताडून शून्य ते एक यांमधला गुण देते. हा गुण म्हणजे संभाव्यता नव्हे. एका जातीसाठी ०.४ गुणांची ओळखही जवळजवळ नेहमी खरी निघते, तर दुसऱ्या जातीसाठी ०.९ गुणांवरही विश्वास ठेवता येत नाही. म्हणून प्रत्येक जातीच्या, कमी ते जास्त अशा सर्व गुणांच्या मिळून शंभर-दीडशे ओळखी आपल्या कानांनी तपासाव्यात, बरोबर आणि चूक अशी नोंद करावी आणि त्या जातीपुरती, त्या जागेपुरती किमान गुणांची मर्यादा ठरवावी. याला पर्याय नाही.

दुर्मीळ जातींच्या बाबतीत तर हे अधिकच गरजेचे आहे. आपण दर दहा मिनिटांतील एक मिनिट ध्वनिमुद्रण केले, असे धरू. दिवसाला १४४ मिनिटे, म्हणजे तीन सेकंदांचे २,८८० तुकडे होतात आणि जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांत एका रेकॉर्डरचे साडेतीन लाखांहून अधिक तुकडे जमतात. आता समजा, एखादा दुर्मीळ पक्षी त्यांपैकी फक्त २०० तुकड्यांत खरोखर बोलला आहे आणि प्रणालीने त्यांतले १५० बरोबर पकडले. उरलेल्या तुकड्यांत ती हजारांत एकदाच चुकली, तरी साडेतीनशे खोट्या नोंदी तयार होतात. म्हणजे आपल्यासमोर पाचशे नोंदी येतील आणि त्यांतल्या दहापैकी सात चूक असतील. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, परंतु हिशेब प्रत्यक्षात असाच चालतो. त्यामुळे पूर्ण यादी काढायला गेलो, की यादीतील सर्वांत आकर्षक नावेच सर्वांत कमी विश्वासाची ठरतात.

येऊरमध्ये यात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे पल्लवपुच्छ कोतवाल. हा पक्षी इतर पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. माझ्या पहिल्या पावसाळ्यात सर्पगरुडाच्या नोंदी इतक्या मिळाल्या, की मी हरखून गेलो होतो. नंतर प्रत्येक नोंदीच्या आधीचे आणि नंतरचे अर्धे मिनिट ऐकू लागलो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी गरुडाच्या शिळेपाठोपाठ त्याच जागेवरून कोतवालाचे स्वतःचे धातूसारखे आवाज येत होते. तीन सेकंदांचा तुकडा पाहणाऱ्या यंत्राला हा संदर्भ दिसत नाही. तेव्हापासून मी नोंद तपासताना सुटा तुकडा कधीच ऐकत नाही आणि आपणही ऐकू नये.

संख्येविषयी स्पष्टच सांगतो: दोन रेकॉर्डरवरून ती निघणार नाही. एक नर तासभर शंभर वेळा साद घालू शकतो आणि दहा पक्षी गप्प बसू शकतात. मिळते ती हाकांची नोंद. त्यातून पक्षी कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या जागी बोलत होता, एवढे खात्रीने सांगता येते. आणि नीट प्रश्न विचारला, तर एवढे पुष्कळ आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की आपण एक पक्षी निवडावा आणि तो नवरंग असावा. पावसाच्या तोंडावर तो आपल्याकडे विणीसाठी येतो, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात घरटी करतो आणि पहाटे व संध्याकाळी दोन सुरांची स्वच्छ शीळ घालतो. तमिळमध्ये त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचे नाव आहे, ते याच सवयीमुळे. त्याची शीळ रातकिड्यांच्या किर्रर्र आवाजाच्या पट्ट्याखाली येते, त्यामुळे स्पेक्ट्रोग्रामवर ती वेगळी उठून दिसते. नवरंग कोणत्या तारखेला बोलू लागतो, संततधारेच्या दिवसांत गप्प होतो का, केव्हा थांबतो, आणि जंगलाच्या आतल्या जागेत व वस्तीलगतच्या जागेत यांत फरक पडतो का, एवढ्या प्रश्नांची उत्तरे दोन रेकॉर्डर देऊ शकतात. मात्र ऑगस्टनंतर शीळ थांबली, तर पक्षी गेला असे लिहू नये. वीण संपली की नर फारसा गात नाही, आणि गप्प पक्षी रेकॉर्डरला दिसत नाही.

मोठ्या प्रकल्पांतही हीच शिस्त दिसते. काँगो प्रजासत्ताकातील न्वाबाले-न्दोकी उद्यानात कॉर्नेल विद्यापीठाचा एलिफंट लिसनिंग प्रोजेक्ट रेकॉर्डरचे मोठे जाळे वापरतो. त्या जंगलात हत्ती विमानातूनही दिसत नाहीत, परंतु त्यांचे खोल गुरगुरणे ऐकू येते. तिथे प्रामुख्याने दोनच गोष्टी शोधल्या जातात: हत्तींचे आवाज आणि शिकाऱ्यांच्या बंदुकीचे बार.

आता मांडणीकडे येतो. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेत, अखंड ध्वनिमुद्रण केले, तर तासाला सुमारे ३४६ मेगाबाइट आणि दिवसाला सव्वाआठ गिगाबाइट जागा लागते. ३२ गिगाबाइटचे कार्ड चार दिवसही पुरत नाही. दहातले एक मिनिट घेतले, तर तेच कार्ड पाच आठवड्यांहून अधिक चालते. नवरंगासाठी पहाटे पाच ते साडेसात आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात अखंड, तर उरलेल्या वेळात दहातले एक मिनिट, अशी आखणी मला योग्य वाटते. मग कार्ड दहा-बारा दिवसांनी बदलावे लागेल, आणि तितक्या दिवसांनी तिथे जाणे चांगलेच, कारण मायक्रोफोनवरील पडद्यावर पाण्याचा थेंब बसला, तर आठवडाभराचा आवाज गुदमरून येतो आणि घरी आल्याशिवाय ते कळत नाही. सिलिका जेलच्या पुड्या प्रत्येक खेपेला बदलाव्यात. रेकॉर्डर मोठ्या पानांखाली बांधू नये, कारण पानांवरून ठिबकणारे पाणी पाऊस थांबल्यावरही तासभर आवाज करत राहते. सागाच्या खाली तर मुळीच नको. माकडे कुतूहलाने पेटी ओढतात, म्हणून पट्टा घट्ट आणि पेटी झाडाच्या सालीच्या रंगाची असावी.

गोंगाटाची नोंद वेगळी ठेवावी. शनिवारी-रविवारी येऊरच्या वाटेवर गाड्या आणि संगीत वाढते, घोडबंदर रस्त्याचा घरघराट तर कायमचाच आहे. अशा रात्री यंत्राला कमी पक्षी ऐकू येतात, आणि ते पक्षी गप्प होते की त्यांचा आवाज झाकला गेला, हे आकड्यांवरून कळत नाही. मुसळधार पावसाचेही तसेच असते. म्हणून ज्या मिनिटांत गोंगाट ठरावीक पातळीच्या वर आहे, ती मिनिटे ‘पक्षी नाही’ म्हणून न मोजता हिशेबातूनच वगळावीत. हे न केल्यास सुट्टीच्या दिवशी नवरंग गप्प बसतो, असा खोटा निष्कर्ष सहज निघेल.

बेडकांचाही उल्लेख आपण केला आहे. बर्डनेटची यादी मुख्यतः पक्ष्यांची आहे. आपल्याकडील पक्ष्यांसाठी परिस्थिती हळूहळू सुधारत आहे. ध्वनिमुद्रणातून पक्षी ओळखणाऱ्या प्रणालींच्या २०२४च्या बर्डक्लेफ स्पर्धेचा विषयच पश्चिम घाटातील १८२ जाती हा होता. बेडकांसाठी मात्र तयार मॉडेलवर अवलंबून न राहता, बर्डनेट किंवा गूगलचे पर्च हे तसेच मॉडेल आवाजाचे जे अंकरूप देतात, ते घेऊन त्यावर वर्गीकरणाचे स्वतःचे छोटे मॉडेल शिकवता येते. पक्ष्यांवर शिकलेली ही मॉडेले बेडूक आणि वटवाघळांसारख्या प्राण्यांसाठीही, थोडक्या नमुन्यांवर, चांगली चालतात असे दिसले आहे. हे काम दुसऱ्या वर्षी हाती घ्यावे.

परवानगीबाबत तडजोड नको. येऊर हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथे अभ्यासासाठी लेखी परवानगी लागते. ती मिळेपर्यंत जंगलाकडे तोंड असलेल्या आपल्या सोसायटीच्या कुंपणावर एक रेकॉर्डर लावून सराव करावा. येऊरमध्ये आदिवासी पाडे आहेत, पाणी आणि सरपणासाठी माणसे रोज त्याच पायवाटांनी जातात आणि त्यांचे बोलणे नकळत मुद्रित होते. रेकॉर्डर पायवाटेपासून दूर असावा, पाड्यावर जाऊन आधी सांगावे, आणि बर्डनेटच्या यादीत माणसाच्या आवाजाचा जो वर्ग आहे, त्याच्या आधारे असे तुकडे शोधून, ते न ऐकता पुसून टाकावेत. पाड्यावरच्या जाणत्यांना नवरंगाची शीळ वाजवून दाखवावी. तो कोणत्या ओढ्याकाठी बोलतो, हे मला त्यांच्याकडूनच कळले.

शेवटी वेळेविषयी. जून उजाडण्याची वाट पाहू नका. नवरंगाची पहिली शीळ कोणत्या तारखेची, हे सांगायचे असेल, तर त्याआधीचे किमान दोन आठवडे त्याच जागेवर, त्याच वेळापत्रकाने मुद्रित झालेले हवेत. म्हणून रेकॉर्डर मे महिन्याच्या सुरुवातीलाच लागला पाहिजे आणि परवानगीचा अर्ज त्याच्या काही महिने आधी गेला पाहिजे. पहिल्या आठवड्याचे ध्वनिमुद्रण हाती आले, की मला कळवावे. आपण त्यातले शंभर तुकडे सोबत बसून ऐकू.