बिशप, फादर आणि पाळक यांच्या नावाआधी पत्रिकेत काय छापावे आणि समोर काय म्हणावे?

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला कॅथलिक बिशप, एक फादर आणि शेजारच्या प्रोटेस्टंट चर्चचे पाळक येणार असल्याने आपण हे विचारले आहे. वसई भागातल्या अशा पत्रिकांची मुद्रिते मी बरीच वर्षे तपासत आलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

घोळ होतो तो मुख्यतः ‘रेव्हरंड’ या शब्दामुळे. हे पद नव्हे, ‘आदरणीय’ अशा अर्थाचे विशेषण आहे. कीर्तनकारांच्या नावाआधी आपण ‘ह.भ.प.’ छापतो, पण ते दारात आल्यावर ‘या, हभप’ असे न म्हणता ‘या, महाराज’ म्हणतो, तसेच ‘रेव्ह.’ कागदावर राहते आणि तोंडी ‘फादर’ येते. (इंग्रजीच्या काटेकोर नियमाने या विशेषणाला नुसते आडनाव जोडत नाहीत. मराठीत मात्र ‘रेव्हरंड टिळक’ इतके रुळले आहे की ते सुधारायला जाणे मला हटवादीपणाचे वाटते.)

फादरांसाठी ‘रेव्ह. फादर’ किंवा नुसते ‘फा.’ आणि पुढे पूर्ण नाव एवढे पुरे. त्यात आणखी ‘श्री.’ घालू नये. नावापुढे ‘एस.जे.’ असल्यास ती शैक्षणिक पदवी नसून ते जेझुइट संघाचे असल्याची खूण असते, म्हणून ती गाळू नये.

कॅथलिक बिशपांना इंग्रजीत ‘मोस्ट रेव्हरंड’ लिहितात, तर चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या बिशपांना ‘राइट रेव्हरंड’. मराठी पत्रिकेत ‘बिशप’, पूर्ण नाव आणि खाली धर्मप्रांत (म्हणजे त्यांच्या अधिकाराखालचा प्रदेश) हे नेटके दिसते, आणि बोलताना ‘बिशप महोदय’ म्हणावे. बिशप की आर्चबिशप, हे मात्र धर्मप्रांतावरून ताडू नका. १९९८ साली मुंबईपासून वेगळा झालेला वसई हा साधा धर्मप्रांत आहे, तरीही तेथील माजी प्रमुख फेलिक्स मच्याडो यांना ‘आर्चबिशप’ म्हणत, कारण ते पद त्यांना व्यक्तिशः मिळालेले होते.

पाळकांना ‘रेव्ह.’ लिहावे आणि बोलताना ‘पाळकसाहेब’ म्हणावे. त्यांना फादर म्हणू नये. ते विवाहित असू शकतात, त्यामुळे पत्नीलाही निमंत्रण द्यायचे राहू नये. इथेच एकदा आमची फजिती होता होता राहिली. पाळकांच्या नावाशी ‘व सौ.’ पाहून जुळणी करणाऱ्याने पुढच्याच ओळीत, ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या बिशपांच्या नावालाही ‘व सौ.’ लावून टाकले, आणि ते छपाईला जाण्याच्या तासभर आधी माझ्या नजरेला पडले.

आणखी एक, नाव देवनागरीत कसे लिहितात ते चर्चच्या कार्यालयात फोन करून विचारून घ्या. ‘दिब्रिटो’ लिहिणाऱ्यांना ‘डिब्रिटो’ छापलेले खपत नाही, आणि ही चूक बिरुदाच्या चुकीआधी डोळ्यांत भरते.