माडावरून पडून वडिलांची प्लीहा (पोटात डावीकडे असलेला अवयव, स्प्लीन) काढली होती, आता सीटीत डाव्या छातीत गाठी दिसतात. कॅन्सरच असेल का?

कॅन्सरच असेल असं नाही. सुईने तुकडा काढण्याआधी डॉक्टरांना ‘स्प्लेनोसिस’बद्दल जरूर विचारा. पडताना प्लीहेबरोबर डावं श्वासपटलही (छाती आणि पोटामधला पडदा) फाटलं असेल, तर प्लीहेचे कण छातीत जाऊन फुफ्फुसाच्या आवरणावर रुजू शकतात आणि २०-३० वर्षांनीही गाठी म्हणून दिसू शकतात. मी न्यूक्लियर मेडिसिनमध्ये काम करतो. आम्ही रुग्णाच्याच तांबड्या पेशी गरम करून किंचित बिघडवतो, टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य लावून शिरेतून परत सोडतो. अशा पेशी मुख्यतः प्लीहाच टिपते, म्हणून स्कॅनमध्ये गाठ उजळली की ती प्लीहेचीच असल्याची ओळख पटते. या स्कॅनसाठी कोकणातून मुंबई गाठावी लागली तरी गाठा, कारण सुईने या गाठींतून रक्तस्राव होऊ शकतो. जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, पिवळं पडलेलं का असेना, सोबत आणा. मात्र गाठ उजळली नाही, तर बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणं, टाळू नका.