अपडेटचं बटण दाबलंस ना?

तासगावच्या बागेतला तुझा ठिबकचा कंट्रोलर कालपर्यंत नीट चालत होता आणि आज कोड कंपाइलच होईना, तर वायरी उपसू नकोस. आर्डुइनो आयडीई, म्हणजे आपण कोड लिहितो ते सॉफ्टवेअर, त्यातल्या बोर्ड मॅनेजरच्या खिडकीत आवृत्ती बघ. कंट्रोलरमधली चिप ईएसपी३२, तिचा आर्डुइनो कोर (आपला कोड त्या चिपवर चालवणारा सॉफ्टवेअरचा संच) २०२४ मध्ये ३.० झाला आणि पीडब्ल्यूएमची (पिन झरझर चालू-बंद करून पंपाचा वेग कमी-जास्त करायची) जुनी फंक्शनं गेली. 'लेडसी-सेटअप' आणि 'लेडसी-अटॅच-पिन' या दोघांच्या जागी आता एकच 'लेडसी-अटॅच' आहे. ते बदललं की एरर जाते, पण खरी मेख पुढेच. 'लेडसी-राइट'ला पूर्वी चॅनल नंबर द्यायचो, आता पिन नंबर द्यायचा. तिथे जुन्या चॅनलचा शून्य राहिला तर कोड बिनतक्रार कंपाइल होतो आणि खताचा डोसिंग पंप मात्र ढिम्म. कुपवाडला एका कामात माझी अख्खी रात्र यात गेली. मी आपला मोटर ड्रायव्हर बदलत बसलो होतो! टायमरची फंक्शनंही बदललीत, तीही तपास.

शेतात चालू असलेल्या कामाला २.०.१७ च राहू दे, त्याच खिडकीत जुनी आवृत्ती निवडून टाकता येते. नवीन काही शिकायचं ते ३ वर शीक. आणि प्रत्येक स्केचच्या, म्हणजे आर्डुइनो प्रोग्रॅमच्या, डोक्यावर कोर नि लायब्ररींच्या आवृत्त्या कमेंटमध्ये लिहीत जा, घरी कॅलेंडरवर छाटणीची तारीख लिहितात तशा.